उंदीर दारू कमी प्यायला, पण नक्की का? (मेंदूतले निकोटिनिक रिसेप्टर आणि दारू)

आडवाटे

शीर्षक जरा चटपटीत झालंय पण विषय तसा गंभीर आहे. सिगारेट सोडवायच्या गोळीबद्दल, म्हणजे व्हॅरेनिक्लिनबद्दल वाचायला बसलो होतो आणि वाचता वाचता भलतीकडेच पोचलो. ही गोळी अमेरिकेत २००६ साली सिगारेट सोडण्यासाठी मंजूर झाली आणि लगेच पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटाने तीच गोळी दारूची सवय लावलेल्या उंदरांना दिली तर उंदरांचं दारू पिणं कमी झालं. सिगारेटची गोळी आणि दारू कमी, हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं की आली कुठलीतरी व्हॉट्सअॅपछाप बातमी, पण नाही, यामागे बरंच जुनं आणि बरंच पक्कं काम आहे.

थोडक्यात यंत्रणा अशी. आपल्या मेंदूत असिटाइलकोलिन नावाचं रसायन निरोप पोचवतं आणि ते पकडणाऱ्या रिसेप्टरांची एक जात निकोटिनलाही दाद देते म्हणून ते निकोटिनिक रिसेप्टर. पाच तुकडे गोल जुळून मधे एक छिद्र, रसायन बसलं की छिद्र उघडतं आणि सोडियम वगैरे आत घुसतात. तुकड्यांचे प्रकार बरेच आहेत, अल्फा अमुक बीटा तमुक, आणि कुठले पाच एकत्र आलेत त्यावर त्या रिसेप्टरचा स्वभाव ठरतो. मेंदूत सगळ्यात जास्त सापडतात ते अल्फा-४ बीटा-२ वाले आणि अल्फा-७ वाले.

आता गंमत म्हणजे दारू स्वतःहून हे रिसेप्टर उघडत नाही. पण दारू प्यायल्यावर मेंदूच्या तळाकडे व्हीटीए नावाचा जो भाग आहे तिथे असिटाइलकोलिन वाढतं, ते तिथल्या निकोटिनिक रिसेप्टरांवर बसतं, त्यामुळे तिथल्या डोपामिनच्या पेशी चेकाळतात आणि पुढे न्यूक्लियस अॅक्युम्बेन्समध्ये डोपामिन सोडतात, म्हणजे तेच ते 'मजा आली, परत कर' वालं सर्किट. वर दारू अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टरचा असिटाइलकोलिनला मिळणारा प्रतिसादही वाढवते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या लोकांनी नव्वदच्या दशकात उंदरांच्या व्हीटीएमध्ये मेकामिलामिन (हे निकोटिनिक रिसेप्टर सरसकट बंद करणारं औषध, मुळात १९५० च्या दशकातलं रक्तदाबाचं) सोडून दाखवलं की मग दारूने होणारी डोपामिनची वाढ दबते. तेच औषध अॅक्युम्बेन्समध्ये सोडलं तर दबत नाही. म्हणजे जागाही कळली.

तर माझा प्रश्न, आणि धागा काढायचं खरं कारण: उंदीर कमी प्यायला म्हणजे त्याची दारूची ओढ कमी झाली असं आपण कशावरून म्हणायचं? झोप येत असेल, मळमळत असेल, एकूणच काही नको वाटत असेल. जाणकारांनी लिहा.

गप्पिष्ट

उंदरांना दारू फुकट आणि वर सोडवायला गोळीही फुकट. पुढचा जन्म ठरला माझा. (दिवा घ्या)

रानवेडी

वाचतेय. पुढचं येऊ द्या.

मूषकमैत्रीण

हा माझ्या रोजच्या कामाचा विषय असल्याने लिहिते, मोबाईलवरून टंकतेय त्यामुळे चुका पोटात घाला. मोठ्या उंदराला रॅट आणि छोट्याला माऊस म्हणते नाहीतर गोंधळ होईल.

आधी हे लक्षात घ्या की प्राण्याला दारू प्यायला लावणं हेच मुळात सोपं नाही, बहुतेक प्राण्यांना ती कडवट जळजळीत चव नकोच असते. माऊसमध्ये सी५७ नावाचा वाण आहे तो आवडीने पितो आणि डीबीए नावाचा वाण आहे तो तोंडही लावत नाही. पण त्याच डीबीएला चव टाळून नळीने थेट पोटात घ्यायची सोय करून दिली तर तोही घेतो, म्हणजे नकार बऱ्याच अंशी जिभेचा होता. रॅटमध्ये पिढ्यान् पिढ्या निवड करून दारू आवडणाऱ्या जाती तयार केल्यात, इंडियानातली 'पी' जात त्यातली प्रसिद्ध. आणि साध्या रॅटला प्यायला लावायचं असेल तर एक दिवसाआड २० टक्के दारूची बाटली लावायची, आठवड्यातून तीन दिवस, पाण्याची बाटली शेजारी कायम. रोज दिली तर ते कंटाळल्यासारखे थोडंथोडं पितात, एक दिवसाआड दिली की काही आठवड्यांत पिणं चढत जातं. का ते विचारू नका, त्यावर वेगळा धागा होईल.

बाटल्या वजनकाट्यावर ठेवून आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं, फरक म्हणजे प्यायलेली दारू. आणि हो, एक रिकामा पिंजरा असतो, त्यात प्राणीच नसतो, फक्त बाटल्या, कारण बाटली लावताना काढताना थेंब गळतात आणि ते वजा करावे लागतात. नवीन आलेली मुलं हा रिकामा पिंजरा बघून हसतात, मग पहिल्या आठवड्याचे आकडे बघून हसायचं थांबतात. बाटली डावीकडे की उजवीकडे हेही बदलत राहायचं कारण काही प्राण्यांची एक बाजू ठरलेली असते, तिकडे काहीही ठेवा ते तिकडेच जाणार.

आता आडवाटेंचा प्रश्न. त्याचं उत्तर दुसऱ्या बाटलीत असतं. तेच औषध देऊन त्याच प्राण्याला साखरेचं पाणी ठेवायचं. दारू कमी झाली आणि साखरपाणीही तितकंच कमी झालं तर औषधाने एकूण भूक, उत्साह किंवा हालचाल मारली, त्या निकालात काही दम नाही. दारू कमी झाली आणि साखरपाणी तसंच राहिलं तर मग बोलायला जागा आहे. २००७ च्या त्या व्हॅरेनिक्लिनच्या प्रयोगात नेमकं हेच होतं, दारूसाठी कळ दाबणं कमी झालं, साखरेसाठीचं नाही, आणि पिंजऱ्यातलं दारू पिणं कमी झालं पण पाणी पिणं नाही. शिवाय औषध रोज देऊन मग थांबवलं तेव्हा पिणं उसळी मारून आधीपेक्षा वर गेलं नाही. मला तो शेवटचा मुद्दा जास्त आवडतो, लोक त्याच्याकडे बघतच नाहीत.

बाकीशून्य

साखरपाण्याचं पटलं पण मळमळीचं काय? व्हॅरेनिक्लिनचा माणसातला सगळ्यात जास्त आढळणारा दुष्परिणाम मळमळ आहे ना? मळमळताना माणूस दारू नको म्हणेल पण गोड चालेल असंही होऊ शकतं की. मला तरी हे पूर्ण पटत नाहीये.

मूषकमैत्रीण

@बाकीशून्य, नेमकं दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. आणि यात एक वेगळीच अडचण आहे, उंदरांना ओकारीच येत नाही. रॅट आणि माऊस दोघांनाही उलटी करता येत नाही, शरीराची रचनाच तशी नाही. त्यामुळे मळमळतंय का हे ओळखायला आडमार्ग काढावे लागतात. एक म्हणजे रॅटला मळमळलं की तो न खाण्याच्या गोष्टी खातो, म्हणून पिंजऱ्यात केओलिन म्हणजे पांढऱ्या मातीच्या गोळ्या ठेवतात आणि किती कुरतडल्या ते मोजतात. दुसरा मार्ग म्हणजे नवी चव आणि औषध एकत्र द्यायचं आणि नंतर तो ती चव टाळतो का ते बघायचं. टाळली तर औषधाने त्याला वाईट वाटलं होतं. हे सगळे पेपर करतात असं मात्र नाही, मी पेपर वाचताना आधी हेच शोधते आणि नसेल तर मनातल्या मनात दोन गुण कापते.

आडवाटे

मूषकमैत्रीण, यासाठीच तर धागा काढला होता, धन्यवाद. रिकाम्या पिंजऱ्याचं तर कुठेच वाचलं नव्हतं.

बाकीशून्य, तुमच्या शंकेला दुसऱ्या बाजूने एक उत्तर आहे, जनुकांच्या बाजूने. मॅसेच्युसेट्समधल्या गटाने २०१० मध्ये असे माऊस घेतले ज्यांच्यात अल्फा-४ हा तुकडाच नाही. त्यांना व्हॅरेनिक्लिन दिलं तर दारू कमी होत नाही. मग उलट प्रकारचे माऊस घेतले ज्यांचा अल्फा-४ जरुरीपेक्षा जास्त हळवा केलेला आहे, त्यांच्यात एरवी काही परिणाम होणार नाही इतक्या लहान डोसनेही पिणं घटलं. म्हणजे हा परिणाम अल्फा-४ मार्गेच येतोय, औषध इकडेतिकडे कुठेतरी चिकटून प्राण्याला आजारी पाडतंय म्हणून नाही, असं म्हणायला चांगला आधार मिळतो. अर्थात मळमळही अल्फा-४ मार्गेच येत असेल असं तुम्ही म्हणू शकता, ती पळवाट उरतेच.

आणि व्हॅरेनिक्लिन हे पार्शल अॅगोनिस्ट आहे हे सांगायचं राहिलं. म्हणजे ते रिसेप्टर पूर्ण बंदही करत नाही आणि पूर्ण उघडतही नाही, पंख्याचा रेग्युलेटर कोणीतरी दोनवर अडकवून ठेवावा तसं, मग खालीही जात नाही आणि पाचवरही जात नाही. हे औषध सायटिसिन नावाच्या वनस्पतीतल्या रसायनावरून बनवलंय, आणि सायटिसिन बल्गेरियात १९६० च्या दशकापासून सिगारेट सोडायला विकलं जातंय. सायटिसिननेही माऊसचं दारू पिणं कमी होतं.

निळा_शाईपेन

अवांतर आहे पण लिहितो. मूषकमैत्रीण किंवा कोणीही, कुठला नेमका तुकडा जबाबदार हे शोधायला शंखातलं विष वापरतात असं वाचलं होतं ते खरं का?

मूषकमैत्रीण

खरं आहे. कोनस मॅगस नावाचा समुद्री शंख माशांना विष टोचून पकडतो. त्याच्या विषात अल्फा-कोनोटॉक्सिन एमआयआय नावाचा १६ अमिनो आम्लांचा छोटासा पेप्टाइड आहे आणि तो अगदी ठराविक प्रकारचे निकोटिनिक रिसेप्टर बंद करतो, अल्फा-३ किंवा अल्फा-६ ज्यात आहेत असे, अल्फा-४ बीटा-२ वाल्यांना फारसा हात न लावता. गोथेनबर्गच्याच लोकांनी तो व्हीटीएमध्ये सोडला तर दारूने होणारं डोपामिन घटलं आणि पिणंही घटलं. म्हणजे फक्त अल्फा-४ ची कथा नाहीये, व्हीटीएमध्ये अल्फा-६ वालेही सामील आहेत. रच्याकने याच शंखाच्या दुसऱ्या विषावरून झिकोनोटाइड नावाचं दुखण्यावरचं औषध आलंय, पाठीच्या कण्यात टोचावं लागतं ते.

आणखी एक पात्र म्हणजे अल्फा-३ बीटा-४. हे हाबेन्युला आणि तिथून पुढे इंटरपेडंक्युलर भागात खच्चून भरलेत, तो 'नको, पुरे झालं' वाला भाग मानतात. फायझरच्या दोन प्रायोगिक संयुगांनी, जी अल्फा-३ बीटा-४ वर पार्शल अॅगोनिस्ट आहेत, रॅटचं दारू पिणं कमी केलं पण साखरपाणी नाही, २०११ ची गोष्ट. त्याच भागात अल्फा-५ पण आहे, तो काढून टाकलेले माऊस एरवी नकोशा वाटणाऱ्या मोठ्या डोसचंही निकोटिन घेत राहतात. माणसात याच जनुकांचा गुच्छ पंधराव्या गुणसूत्रावर आहे आणि २००८ मध्ये तो जास्त सिगारेट ओढण्याशी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशी जोडला गेला.

गप्पिष्ट

आता मजा नाही हं, खरंच विचारतो. माझ्यासारखे जे दारूबरोबरच सिगारेट पेटवतात त्यांचं काय? एरवी दिवसभर आठवण येत नाही आणि ग्लास हातात आला की पाकीट शोधायला लागतो. हे यातूनच का?

आडवाटे

बऱ्याच अंशी यातूनच असावं, दोघंही व्हीटीएच्या एकाच दारातून आत शिरतात. पण उंदरांवरचं निकोटिनचं काम वाचलंत तर चक्रावाल, काही प्रयोगांत निकोटिनने दारू कमी होते, काहींत वाढते. फरक बराचसा वेळेचा आहे, निकोटिन दिल्यादिल्या बाटली लावली की पिणं कमी दिसतं आणि मधे काही तास जाऊ दिले तर जास्त. कारण हे रिसेप्टर आधी उघडतात आणि मग निकोटिन बराच वेळ बसून राहिलं की सुन्न होतात, दाद देईनासे होतात. या सुन्न होण्यावरच बेतलेलं एक संयुग आहे, साझेटिडिन-ए, ते अल्फा-४ बीटा-२ ला बराच वेळ सुन्न ठेवतं, आणि ड्यूक विद्यापीठातल्या लोकांनी ते 'पी' रॅटना दिलं तर दारू कमी झाली. त्यामुळे रिसेप्टर उघडणं हे औषध आहे की बंद ठेवणं हे औषध, असं सरळ विचारलं तर उत्तर देताच येत नाही, किती आणि किती वेळ यावर सगळं आहे.

डॉ_कडूनिंब

उशिरा आलो, पण काही गोष्टी सांगणं भाग आहे कारण असे धागे वाचून लोक थेट औषधाच्या दुकानात जातात.

माणसांवरचं चित्र उंदरांइतकं स्वच्छ नाही. २००९ मध्ये एक छोटा प्रयोग झाला, भरपूर पिणारे आणि सिगारेट ओढणारे २० जण, आठवडाभर गोळी देऊन प्रयोगशाळेत बसवलं, एक पेला दिला आणि पुढचे पेले घ्या किंवा त्याऐवजी पैसे घ्या अशी निवड दिली. गोळीवाल्यांपैकी ८० टक्के लोकांनी पुढे एकही पेला घेतला नाही, खोट्या गोळीवाल्यांपैकी ३० टक्क्यांनी. छान वाटतं ना? मग २०१३ मध्ये अमेरिकेत २०० जणांची नीट चाचणी झाली, त्यात भरपूर पिण्याचे दिवस गोळीवाल्यांत सुमारे ३८ टक्के आणि बाकीच्यांत ४८ टक्के. फरक आहे, पण ८० आणि ३० वाला नाही. २०१५ मध्ये स्वीडनमध्ये १६० जणांवर केली तर लोकांनी स्वतः सांगितलेल्या पिण्यात फरकच नाही, पण रक्तातली पेथ नावाची दारूची खूण मात्र गोळीवाल्यांत कमी भरली.

आणि मेकामिलामिन, ज्याने उंदरात इतकं सुंदर काम केलं, ते माणसांच्या चाचणीत दारूवर काहीही विशेष करू शकलं नाही. त्याचं कारण निदान अर्धं उघड आहे, ते मेंदूबाहेरच्या मज्जातंतूंच्या गाठींवरचे रिसेप्टरही बंद करतं, मग बद्धकोष्ठ, कोरडं तोंड, उभं राहिलं की चक्कर. मेंदूत पुरेसं पोचेल इतका डोस देणं अवघड होऊन बसतं.

व्हॅरेनिक्लिन दारूसाठी मंजूर झालेलं नाही. २००९ मध्ये अमेरिकेत त्यावर मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा लावला होता, मोठ्या चाचणीनंतर २०१६ मध्ये तो काढला. पण २०१५ मध्ये असाही इशारा आला की काही लोकांना ही गोळी चालू असताना दारू जास्त चढते, ते राहिलंय. दारूसाठी नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी वेगळी औषधं आहेत आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो. त्यामुळे डॉक्टरांना गाठल्याशिवाय अचानक बंद करू नका. गप्पिष्ट, हे तुमच्यासाठीही, दिवा न घेता.

गप्पिष्ट

घेतलं मनावर डॉक. आणि मला वाटलं होतं की धागा उंदरांचा आहे.

बाकीशून्य

मी म्हणतो तेच झालं ना शेवटी. उंदरात सगळं चालतं, माणसात येऊन फुस्स.

आडवाटे

नाही, फुस्स नाही म्हणणार. ते पेथचं बघा ना, स्वीडनमध्ये माणूस सांगतो तेवढीच पितोय पण रक्त सांगतंय कमी. उंदराच्या बाबतीत आपण बाटलीचं वजन करतो, उंदराला विचारत नाही की काल किती झाली. माणसाला विचारतो. मोजायची पद्धतच वेगळी असेल तर उंदराचा निकाल माणसात उतरला नाही असं म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं. माझा आक्षेप उंदरांवर नाही, बातमी देणाऱ्यांवर आहे, 'गोळीने दारू सुटली' असं छापतात आणि साखरपाण्याचा निकाल काय होता ते बातमीत कुठेच नसतं. तेवढं एक वाक्य असलं तरी वाचणाऱ्याला कळेल की निकाल कितपत धरायचा.

रानवेडी

प्राण्यांना दारूडं बनवणं मला तरी मनापासून पटत नाही, पण ते बाजूला ठेवते. दुसरं विचारायचं होतं, बायकांचं काय? डॉक्टरांच्या प्रतिसादात कुठेच बायका पुरुष असं वेगळं आलं नाही.

डॉ_कडूनिंब

चांगला प्रश्न. २०१८ मध्ये १३१ जणांची एक चाचणी आली, दारू सोडू पाहणारे आणि सिगारेट ओढणारे असे दोन्ही. एकत्र बघितलं तर दारूवर फरक नाही. वेगळं काढलं तर पुरुषांना फायदा दिसला, बायकांना नाही. सिगारेट सोडण्यात मात्र गोळी चालली. एका चाचणीवरून ठाम बोलू नये, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

मूषकमैत्रीण

आणि यात आमच्या क्षेत्राची बाजू दुबळी आहे, सांगून टाकते. या विषयावरचे जुने बरेचसे प्रयोग फक्त नर उंदरांवर झालेत. माद्यांच्या चक्रामुळे आकडे विस्कटतात असं कारण वर्षानुवर्षं पुढे केलं जायचं. गंमत म्हणजे किलोमागे बघितलं तर माद्या नरांपेक्षा जास्त दारू पितात, हे रॅटमध्येही दिसतं आणि माऊसमध्येही. अमेरिकेच्या एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी तिथली सरकारी संस्था) २०१६ पासून अनुदान मागताना नर मादी दोन्हींचा विचार करा असा नियम केला तेव्हा कुठे मादी उंदरांच्या पिंजऱ्यांची संख्या वाढली. त्यामुळे पुरुषात चालतं बायकात नाही हे खरंच रिसेप्टरचं आहे, की डोसचं, की बायका आणि पुरुष वेगवेगळ्या कारणाने पितात त्याचं, हे उंदरांवरून सांगायला आमच्याकडे जुना पाया फार कमी आहे. आणि डोस म्हणाल तर पिंजऱ्यात वजनाप्रमाणे मिलिग्रॅम मोजून देतो आम्ही, माणसांना सरसकट दिवसातून दोनदा एक मिलिग्रॅम, मग ती पन्नास किलोची बाई असो की नव्वद किलोचा बुवा.